फायर अँटवरचं आमिष: एक खवट पिशवी, एक ताजी पिशवी

आधी ओळख सांगतो, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. तासगाव तालुक्यात ३१ वर्षं माझं कृषी सेवा केंद्र होतं. औषधं, खतं, बी-बियाणं. द्राक्षवाल्यांचा भाग, त्यामुळं गिऱ्हाईक चोखंदळ आणि उधारी मोठी. आता दुकान पुतण्या बघतो. मार्चमध्ये आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलो, टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या केटीला. या गावाची जमीन बघून मला बरं वाटलं होतं. पाऊस पडला की चपलेला किलोभर चिकटणारी, वाळली की भेगाळणारी. आपलीच वाटली.

हे परीक्षण आहे फायर अँट या डंख मारणाऱ्या तांबूस मुंगीवरच्या आमिषाचं, म्हणजे विष लावलेल्या कण्यांचं. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. इतकी वर्षं डीलर होतो, मार्जिन मिळाल्याशिवाय कुणाची जाहिरात केली नाही, आता काय करू? औषधाचं, म्हणजे आतल्या घटकाचं नाव मात्र सांगतो. दुकानात ते वाचूनच पिशवी उचलायची असते.

एप्रिलचा पहिला आठवडा. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. मागच्या अंगणात पाण्याचा पाइप नळाला बसवत होतो, पायात रबरी चप्पल. नळाजवळ मातीचा एक ढीग होता, चाळणीनं चाळून ठेवल्यासारखी भुसभुशीत माती. वर भोक नाही, ये-जा नाही, काही नाही. आपल्याकडं मुंग्यांचं बीळ म्हटलं की तोंड दिसतं, तोंडाशी रांग दिसते. इथं तसलं काहीच नाही, म्हणून कुणीतरी कुंडी रिकामी केली असेल असं समजून मी त्यावर डावा पाय टेकवला. पाच-सात सेकंद काहीच नाही. मग घोट्यापासून पोटरीपर्यंत एकदम, जणू कुणी तरी ‘हाण’ म्हणाल्यासारखं, सगळीकडून एकाच वेळी पेटलं.

मी शहाण्यासारखा पाइपचं पाणी पायावर सोडलं. त्या हलेनात. नंतर कळलं की या मुंग्या आधी जबड्यानं कातडी घट्ट धरतात आणि मग त्या जागेभोवती फिरत फिरत मागची नांगी पुन्हा पुन्हा मारतात. खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरावा तशी एकच मुंगी गोलात पाच-सहा डंख करून मोकळी होते. पाण्यानं सुटत नाहीत, हातानं नाहीतर फडक्यानं रगडून झटकाव्या लागतात, तेही झटपट. हे मला त्या वेळी कुणी सांगितलेलं नव्हतं.

रात्री डंख मोजले, २३ होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकावर पांढऱ्या टोकाची पुळी. बायको चुना शोधत होती, लेकीनं साबणानं धुऊन बर्फ लावला आणि पुळ्या फोडायच्या नाहीत म्हणून दम दिला. पुळीत पू दिसतो, पण तो जंतूंमुळं झालेला नसतो. या मुंगीच्या विषाचा बहुतेक भाग अल्कलॉइडचा असतो, त्यानं आतली कातडी मरते आणि तसं दिसतं. फोडलीत तर मात्र खरोखरच चिघळते. माझ्या पुळ्या आठवड्याभरात वाळल्या, डाग अजून आहेत. काही जणांना या विषाची जोरदार ॲलर्जी येते. तोंड सुजलं, धाप लागली, चक्कर आली तर बर्फ-बिर्फ लावत बसायचं नाही, सरळ ९११, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर.

बायको राजापूरकडची. ती म्हणाली, “आमच्या आंब्यावरच्या ओंबिली बऱ्या हो. पानांचं घर तरी दिसतं, माणूस लांब राहतो.” बरोबर आहे तिचं. ओंबील कडकडून चावते आणि वर आम्लाची फवारणी करते, पण तिला नांगी नाही. ही बया चावते ती नुसती पकड घ्यायला, खरं काम मागच्या बाजूनं.

आता औषधांकडं येतो. पहिला प्रयोग माझा नव्हता, लेकीनं एका फवारणीवाल्या कंपनीला बोलावलं. गाडी चकचकीत, पोरगा नम्र, काम बारा मिनिटांत खलास. दिसतील त्या ढिगांवर त्यानं फवारलं. वरच्या मुंग्या पटापट मेल्या, लेक खूश. मी काही बोललो नाही, पण मला शंका होती. जमिनीच्या वर दिसतो तो ढीग म्हणजे घराचा माळा, खरं घर खाली चार-चार फूट जातं. राणी खाली. आणि एका वारुळात राणी एकच असते असंही नाही, कित्येक वारुळांत बऱ्याच असतात. दहाव्या दिवशी जुन्या ढिगापासून हातभर अंतरावर दोन नवे. फोन केला तर पुढच्या तिमाही भेटीत बघू म्हणाले. या सेवेला माझा एक तारा, तोही पोरगा नम्र होता म्हणून.

मग उकळतं पाणी. मोठं पातेलं भरून तीन खेपा केल्या. याचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण दहातली पाच-सहा वारुळं मरतात, बाकीची सरकतात. शिवाय जिथं ओतलं तिथलं गवत करपलं आणि तिथं अजून टक्कल आहे. पोरंबाळं असलेल्या घरात उकळतं पातेलं घेऊन अंगणात चालायला मी कुणाला सांगणार नाही.

शेजारचे म्हातारबाबा इथलेच, माझ्याच वयाचे. त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला की ग्रिट्स टाका. ग्रिट्स म्हणजे आपल्या मक्याच्या कण्या. मुंग्या त्या खातात, वर पाणी पितात, कण्या फुगतात आणि त्यांची पोटं फुटतात, असं त्यांच्या आजीपासून चालत आलेलं. मी टाकल्या. मुंग्यांनी त्या अगदी कौतुकानं आत नेल्या आणि ढीग आणखी गुबगुबीत झाला. पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट अन्न गिळतच नाही, फक्त पातळ पिते. घट्ट तुकडे शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांना भरवतात, त्या ते पचवून पातळ करून परत देतात. म्हणजे मी त्यांच्या पोरांना कण्यांची खीर घालत होतो.

तरी म्हातारबाबा अर्धे बरोबर होते, कारण ज्याचं हे परीक्षण आहे ते औषध म्हणजे दुसरं काही नसून मक्याच्या कण्याच आहेत. कण्यांना सोयाबीनचं तेल पाजलेलं आणि त्या तेलात विष विरघळवलेलं. मुंगीला वास येतो तेलाचा. ती कणी उचलून घरी नेते, तेल चोखते, दुसरीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या, असं करत करत ते राणीपर्यंत पोचतं. म्हणून विष मंद हवं. वाटेतच मुंगी मेली तर राणी वाचली. आपल्या गिऱ्हाइकाला हे पटवणं किती अवघड! ३१ वर्षं मी ऐकलंय, “अहो, फवारलं तरी किडा हलतोयच की, कडक द्या.” इथं कडक दिलं की काम बिघडतं.

मे महिन्यात जावईबापूंनी गॅरेजमधून अशा आमिषाची एक पिशवी काढून दिली. अर्धी वापरलेली, तोंडाला रबर लावलेलं, गवत कापायच्या यंत्राच्या पेट्रोलच्या डब्याला टेकून ठेवलेली. शेजारी खताचं पोतं. मी लेबल वाचलं का? नाही वाचलं. दुकानात प्रत्येक शेतकऱ्याला “दादा, आधी लेबल वाचा, मग झाकण उघडा” असं सांगणारा मी, चष्मा वर जिन्यापाशी राहिला म्हणून तसाच बाहेर गेलो आणि ढिगाभोवती मूठभर फेकलं.

दुसऱ्या दिवशी कण्या जशाच्या तशा. तिसऱ्या दिवशीही. बायकोनं डब्यातली चकली आणली, तिचा तुकडा कण्यांच्या शेजारी ठेवला. मी घड्याळ लावून खुर्ची टाकून बसलो. चौथ्या मिनिटाला पहिली मुंगी आली, चकलीला शिवली, परत गेली. अकराव्या मिनिटाला चकली दिसत नव्हती, नुसता तांबूस गोळा वळवळत होता. इंचभरावर औषधाच्या कण्या, तिकडं एकही फिरकली नाही. मग चष्मा आणून पिशवी नाकाशी धरली. तेल खवट झालेलं, वर पेट्रोलचा वास. आपण खवट शेंगदाणे थुंकतो, त्यांनी काय घोडं मारलंय? लेबलवर स्वच्छ लिहिलेलं होतं की पिशवी घट्ट बंद, कोरड्या जागी ठेवा आणि ताजी वापरा. त्या पिशवीचा एक तारासुद्धा मी कापत नाही, तो माझा कापा.

नवी पिशवी आणली. मागे बारीक अक्षरांत: हायड्रामिथिलनॉन ०.७३ टक्के. हे पोटात गेल्यावर पेशींना ताकद तयार करता येत नाही, किडा हळूहळू थकून मरतो. उन्हात हे लवकर मोडतं, म्हणून दुपारी टाकण्यात अर्थ नाही. औषध किती विषारी ते सांगायला आपल्याकडं डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, इथं शब्द असतात: ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’, ‘कॉशन’. हे शेवटच्यातलं, म्हणजे त्यातलं सौम्य. तरी हातमोजे घातले, नातवाला आत पाठवलं.

या खेपेला सगळं नियमानं केलं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची शेती विस्तार सेवा यासाठी दोन टप्प्यांची पद्धत सांगते. पहिल्या टप्प्यात आमिष सगळ्या अंगणात विरळ फेकायचं, दुसऱ्यात जी वारुळं फारच त्रास देतात त्यांचा वेगळा समाचार घ्यायचा. पहिला टप्पा लोक गाळतात, कारण ढीग डोळ्यांसमोर असताना मोकळ्या गवतावर पैसे टाकायला जीव होत नाही. पण न दिसणारी लहान वारुळं त्याच गवतात असतात, आणि फवारणीवाल्या पोराला तीच दिसली नव्हती.

मात्रा बघून मी दोनदा हिशेब केला. एकराला १ ते १.५ पौंड. म्हणजे ४० गुंठ्यांना जास्तीत जास्त ६८० ग्रॅम! आमचं गवत साधारण ५ गुंठे, म्हणजे ८५ ग्रॅम, भाजीच्या वाटीत मावेल एवढं. हातानं फेकलं तर एकाच कोपऱ्यात संपतं. बियाणं फेकायचं हातानं फिरवायचं छोटं यंत्र मिळतं ते घेतलं, त्याचं भोक सगळ्यात बारीक ठेवलं, एकदा उभं चाललो, एकदा आडवं. मोठ्या वारुळांभोवती वेगळं, मोठ्या चमच्यानं दोन ते पाच चमचे, ढिगावर नाही तर ढिगापासून तीन-चार फुटांच्या घेरात. ढिगाला काठी लावायची नाही. डिवचलं की त्या खायचं सोडून लढायला येतात आणि बिऱ्हाड हलवतात.

वेळ संध्याकाळी सातची, गवत कोरडं, पुढचे दोन दिवस पाऊस नाही. आधी चकलीची परीक्षा घेतली. विस्तार सेवा यासाठी वेफर नाहीतर सॉसेजचा तुकडा सांगते, आमच्याकडं चकली चालते. अर्ध्या तासात मुंग्या आल्या तर त्या चरायला बाहेर आहेत, टाका. नाही आल्या तर पिशवी बंद करून आत जा. आल्या. कण्या फेकल्यावर मी गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. आपल्या तोंडाएवढी पिवळी कणी उचलून एक मुंगी चालली होती, वाटेत गवताचं पातं आडवं आलं तर ती त्याच्यावर चढली, कणी खाली पडली, उतरली, पुन्हा उचलली. मला क्षणभर वाईट वाटलं. मग घोट्यावरचे डाग दिसले.

पहिला आठवडा काही फरक नाही. लेक रोज विचारायची, “बाबा, जिवंतच आहेत की!” मी दुकानातल्यासारखा म्हणायचो, थांबा. बाराव्या दिवशी ढिगाला लांब काठी टोचली तर आधीसारखी उसळी नाही, पाच-पंचवीस जणी आल्या, त्याही सुस्त. अठराव्या दिवशी मोठ्या सहा ढिगांपैकी पाच थंड, पावसानं माती बसलेली. सहाव्याला दुसऱ्यांदा चमचे टाकले, तो जूनच्या मध्याला गेला. त्यानंतर ऑगस्टपर्यंत नळाजवळ मी अनवाणी उभा राहिलोय, मुद्दाम.

थोडं विषयांतर करतो, पण दुकानदाराला राहवत नाही. ही मुंगी इथली नव्हे, दक्षिण अमेरिकेतली. १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबिल बंदरातून जहाजांच्या मालाबरोबर शिरली आणि दक्षिणेकडची राज्यं तिनं व्यापली. १९५७ पासून सरकारनं विमानांतून हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशकं टाकली. ही नावं माझ्या दुकानाच्या जुन्या रजिस्टरात आहेत, त्यामुळं ते वाचताना मला घाम फुटला. पक्षी मेले, जनावरं मेली, मुंगी राहिली. मग मायरेक्स हे विष आलं, ते दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भरड्यावर सोयाबीनचं तेल लावूनच. युक्ती बरोबर होती, विष चुकीचं होतं, ते वर्षानुवर्षं जमिनीत आणि माशांत राहायचं. १९७८ मध्ये ते बंद झालं. आज माझ्या हातातल्या पिशवीत मक्याचीच कणी, तेच तेल, विष मात्र उन्हात मोडणारं. म्हातारबाबांना ते विमान आठवतं. २०१७च्या हार्वे वादळाचंही ते सांगतात. रस्त्यावर कमरेएवढं पाणी, आणि त्यावर तांबूस चटया तरंगत चाललेल्या. त्या चटया म्हणजे एकमेकींना धरून, राणी आणि पिल्लांना सांभाळून तरंगणारी अख्खी वारुळं. बचावाच्या होडीला ती चिकटली की होडीतले लोक पाण्याला विसरायचे.

आता दुसरी पिशवी. जूनमध्ये बायकोच्या भेंडीवर मुंग्या दिसल्या. तिनं लाकडी चौकटीच्या वाफ्यात गवार, मेथी आणि भेंडी लावली होती, बी तासगावचं. भेंडीच्या कळ्या कुरतडलेल्या, काही शेंगा वाकड्या. या मुंगीला भेंडी फार आवडते. सकाळी तोडायला गेलं की बोटांना प्रसाद. मी सवयीनं हायड्रामिथिलनॉनची पिशवी उचलली, पण आता चष्मा नाकावरच होता. लेबलवर भाजीच्या वाफ्याचं नाव नाही. इथं एक म्हण आहे, लेबल हाच कायदा. ज्या जागेचं नाव लेबलवर नाही तिथं ते टाकायचं नाही, विषय संपला.

दुकानात पाऊण तास उभा राहून भाजीसाठी परवानगी असलेली पिशवी शोधली आणि घटक वाचून हसूच आलं: स्पिनोसॅड. परक्या गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसं झालं. द्राक्षावरच्या आणि मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी हे मी किती वर्षं विकलं. जमिनीतल्या एका जिवाणूपासून ते बनतं. तो जिवाणू कॅरिबियन बेटावरच्या बंद पडलेल्या रमच्या कारखान्याच्या मातीत सापडला, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो, त्यामुळं खपही बरा होता. इथं तेच कण्यांवर, प्रमाण फक्त ०.०१५ टक्के.

वाफ्याच्या कडेनं संध्याकाळी टाकलं, झाडावर नाही. दुसऱ्या दिवशी पाणी दिलं नाही, बायको कुरकुरली, तरी नाही. याचा गुण थोडा लवकर दिसला, नऊ-दहा दिवसांत भेंडीवरची ये-जा बंद. पण टिकलं कमी. जुलैच्या शेवटी वाफ्याच्या मागच्या कोपऱ्यात पुन्हा नवी माती दिसली, दुसऱ्यांदा टाकावं लागलं.

तर हायड्रामिथिलनॉनच्या ताज्या पिशवीला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण मात्रा ग्रॅममध्ये सांगायची सोडून चमचे, कप, पौंड असा खिचडीचा हिशेब आहे, आणि पिशवीला पुन्हा बंद करायची पट्टी नाही, जी औषध खवट होऊ नये म्हणून सगळ्यात जास्त लागते. स्पिनोसॅडला चार. दोन्ही मिळून खर्च फवारणीवाल्यांच्या एका भेटीपेक्षा कमी आला. ज्यांना आज संध्याकाळी अंगणात पार्टी आहे आणि आजच मुंग्या मरायला हव्यात, त्यांनी हे घेऊ नये, नंतर शिव्या द्याल. कुंपणाच्या पलीकडून नव्या येतातच. म्हातारबाबा अजून ग्रिट्सच टाकतात आणि त्यांच्या मुंग्या चांगल्या पोसलेल्या आहेत.

पुढच्या महिन्यात आम्ही परत जातो. ऑक्टोबरात एकदा सगळ्या अंगणात टाकायचं आहे, ते जावईबापूंवर सोपवलंय. उरलेल्या कण्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरायला निघालो होतो, तेवढ्यात लक्षात आलं की लेबल पिशवीवर आहे आणि बरणीत गेल्यावर त्या दिसतात हुबेहूब लापशीच्या रव्यासारख्या. म्हणून कण्या पिशवीतच ठेवल्या, पिशवी डब्यात, डबा नातवाचा हात पुरणार नाही अशा फडताळात, पेट्रोलपासून लांब. झाकणावर मार्करनं मराठीत ‘विष’ लिहिलं, खाली पिशवी फोडल्याची तारीख. जावईबापूंना मराठी वाचता येत नाही, ते लेकीनं लक्षात आणून दिलं, मग शेजारी एक कवटी काढली.